मिलिमीटर, मायक्रोमीटर, नॅनोमीटर: लांबीच्या छोट्या एककांचे रूपांतर कसे करावे

पट्टी हातात घ्या आणि ० ते १ मधल्या बारीक रेघा मोजा. पाचवी रेघ जरा उंच असते, ती अर्ध्या सेंटीमीटरची. एका सेंटीमीटरचे असे दहा भाग, प्रत्येक भाग एक मिलिमीटर. इथपर्यंत सहसा कोणी चुकत नाही. गोंधळ होतो तो मिलिमीटरच्या खाली, कारण तिथे दहाची पायरी संपून हजाराची सुरू होते:

१ सेंमी = १० मिमी
१ मिमी = १,००० मायक्रोमीटर
१ मायक्रोमीटर = १,००० नॅनोमीटर

एवढ्या तीन ओळी पाठ असल्या की पुरे.

१. आकडा वाढणार की घटणार, ते आधी ठरवा. बादलीतलं पाणी पेल्याने मोजलं तर मोजणी जास्त भरते. तसंच इथे. एकक लहान होत असेल तर गुणायचं, मोठं होत असेल तर भागायचं. माझ्या मते बहुतेक चुका इथेच होतात. गुणाकार येत असतो, दिशा उलटी धरलेली असते.

२. दशांश चिन्ह सरकवा. दहासाठी एक घर, हजारासाठी तीन घरं. गुणताना उजवीकडे, भागताना डावीकडे. ०.३५ मिमीचे मायक्रोमीटर करताना चिन्ह तीन घरं उजवीकडे जातं. तिसऱ्या घरात अंक नाही, म्हणून तिथे शून्य भरायचं. उत्तर ३५०. उलट दिशेनेही पाहा: रक्तातली तांबडी पेशी साधारण ७.५ मायक्रोमीटर रुंद असते. चिन्ह तीन घरं डावीकडे नेलं की ०.००७५ मिमी. ७ च्या आधीची दोन शून्यं गाळू नका.

३. एका वेळी एकच पायरी उतरा. ४.२ सेंमी म्हणजे ४२ मिमी, म्हणजे ४२,००० मायक्रोमीटर, म्हणजे ४,२०,००,००० नॅनोमीटर. थेट उडी मारायला हरकत नाही, पण हात बसेपर्यंत मधली उत्तरं लिहाच.

आता हे स्वतः करून पाहा. छपाईच्या ५०० कागदांचा गठ्ठा पट्टीने मोजा. नेहमीच्या कागदाची उंची जवळपास ५ सेंमी भरते. ५ सेंमी म्हणजे ५० मिमी, म्हणजे ५०,००० मायक्रोमीटर. त्याला ५०० ने भागा: एक कागद सुमारे १०० मायक्रोमीटर जाड. साध्या पट्टीने आपण मिलिमीटरचा दहावा भाग मोजला! मला हा प्रयोग फार आवडतो, कारण यानंतर मायक्रोमीटर हा नुसता शब्द राहत नाही.

'मायक्रॉन' हे मायक्रोमीटरचंच जुनं नाव. १९६७ साली ते अधिकृत यादीतून गेलं, तरी कारखान्यांत अजून तेच चालतं. तिथे मायक्रोमीटर म्हटलं की मोजण्याचं उपकरणच डोळ्यांपुढे येतं. जुन्या विज्ञानाच्या पुस्तकांत अँगस्ट्रॉम भेटेल: १० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर.

आणि क्षेत्रफळ आलं की सावध. तिथे लांबी आणि रुंदी दोन्ही बदलतात, म्हणून पायरी दोनदा मोजावी लागते. १ चौरस सेंमी म्हणजे १० नव्हे, १०० चौरस मिमी. आणि १ चौरस मिमीमध्ये १०,००,००० चौरस मायक्रोमीटर मावतात.