डाइव्ह बोटीवरचे दोर कसे ठेवायचे: संत्र्याच्या क्रेटपासून सुरुवात करा

नागपूरला कळमन्याच्या मार्केटात संत्र्यांचे प्लास्टिकचे जाळीदार क्रेट असतात ना, तसे रिकामे चार मिळवा. बोटीवर दोर ठेवायला याहून चांगली वस्तू मला आजपर्यंत सापडली नाही. पाणी खालून गळून जातं, हवा खेळते, बाहेरून दिसतं आत कोणता दोर आहे, आणि बोट हलली तरी दोर इकडेतिकडे पसरत नाही.

आम्ही नागपूरचे सात-आठ जण दर हिवाळ्यात मालवणला डायव्हिंगला जातो, बोट तिथल्या दादांची असते पण थ्रो बॅग (म्हणजे पाण्यातल्या माणसाकडे फेकायची दोर भरलेली पिशवी), तरंगता दोर, फ्लोट हे सगळं आमचं आम्ही नेतो. काहून नेतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बोटीवर होतो, आमच्यातला एक जण पाण्यातून वर आला तो बोटीपासून तीसेक फुटांवर, पाण्याचा करंट, म्हणजे प्रवाह, त्याला मागे नेऊन राहिला होता, दोर फेकायला म्हणून उचलला तर अर्धा सिलिंडरखाली दबलेला आणि उरलेला नांगराच्या दोरात गुंतलेला, तो सोडवेपर्यंत पोरगा दुप्पट लांब गेला. त्यानं बीसीडी, म्हणजे डायव्हरचं हवेनं फुगणारं जॅकेट, फुगवली होती, डोकं शांत ठेवलं होतं, म्हणून निभावलं. दोर चांगला होता, नवा होता, फक्त ठेवला नीट नव्हता.

आणि हे फक्त समुद्राचं नाही. २०१७ च्या जुलैत वेणा धरणात बोट उलटून आपल्याकडची पोरं गेली, ते नागपुरात कोणी विसरलं नाही. तेव्हापासून मी खिंडसी तलावावर गेलो तरी लाइफ जॅकेट आणि थ्रो बॅगशिवाय बोटीत पाय ठेवत नाही.

तर आधी हे ठरवा की कोणता दोर कशासाठी, आणि एका दोराला एकच काम द्या. नांगराचा दोर नायलॉनचा, कारण तो ताणला जातो, लाटेचा झटका खातो, आणि पाण्यात बुडतो म्हणून वर तरंगून इंजिनच्या पंख्यात यायची भीती कमी. लांबी खोलीच्या निदान पाचपट धरा, म्हणजे ८ मीटर पाणी असेल तर ४० मीटर सोडायचा. माणसासाठीचा दोर मात्र तरंगणाराच पाहिजे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, भडक पिवळा किंवा नारिंगी. करंट लाइन, म्हणजे वाहत चाललेल्या डायव्हरला धरता यावा म्हणून बोटीच्या मागे सोडायचा दोर, निदान ३० मीटर, टोकाला मोठा फ्लोट. थ्रो बॅगमध्ये १५ ते २० मीटर, जाडी ८ मिलिमीटरच्या आसपास, त्याहून बारीक दोर ओल्या हाताला धरवत नाही, कापतो. डायव्हर ज्याला धरून खाली उतरतात तो वजन आणि बोया लावलेला दोर चौथा, तो वेगळ्या क्रेटमध्ये.

आता क्रेट भरायची पद्धत, इथं घाई नको. करंट लाइनचं मागचं टोक आधी क्रेटच्या तळाजवळच्या भोकातून हातभर बाहेर काढा आणि बोटीच्या कडीला पक्कं बांधा, मग बाकीचा दोर वरून मुठीमुठीनं आत सोडत जा, वेटोळी करू नका, जसा पडतो तसा पडू द्या, सगळ्यात शेवटी वर फ्लोट ठेवा. बघायला अस्ताव्यस्त वाटतं, पण जो शेवटी आत गेला तो आधी बाहेर येतो, म्हणून फ्लोट पाण्यात टाकला की मागून दोर सरसर निघतो. थ्रो बॅगही अशीच भरायची, कोंबून, कधीच गुंडाळून नाही.

जे दोर गुंडाळायचेच असतात, म्हणजे बोट बांधायचे वगैरे, ते आपल्या घरी कपड्यांचा दोर गुंडाळतात तसे अंगठा आणि कोपरावरून गुंडाळू नका. प्रत्येक फेऱ्याला एक पीळ बसतो आणि दोर सोडला की त्याचे फास होतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, नायलॉनलाही एकदा चुकीची सवय लागली की ती काढता काढता जीव जातो. तीन पदरी पिळाचा दोर बहुतेक वेळा उजव्या पिळाचा असतो, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, दर फेऱ्याला मनगट जरासं फिरवत गुंडाळा. विणीचा दोर इंग्रजी आठच्या आकड्यात एकावर एक ठेवा. आणि गुंडाळलेल्या दोराच्या मधे कोणाचाही पाय नको, हे बोटीवर चढलेल्या प्रत्येकाला आधीच सांगा, नांगर सुटला की तो दोर पायासकट घेऊन जातो.

इंजिनचं सगळ्यात महत्त्वाचं. डायव्हर पाण्यात असताना करंट लाइन बाहेर आणि इंजिन बंद, आणि इंजिन सुरू करायच्या आधी एका माणसानं मागे जाऊन दोर पूर्ण आत आलाय हे डोळ्यांनी पाहून मोठ्यानं सांगायचं. तो माणूस आधीच ठरलेला पाहिजे. "कोणीतरी घेतला असेल" असं म्हणून इंजिन सुरू केलं की दोर पंख्यात, आणि बोट मधेच अडकली तर पाण्यातल्या माणसाकडे जाणार कोण?

थ्रो बॅगची जागा चालकाच्या हाताशी, वरच्या बाजूला, तिच्यावर टॉवेल, पिशवी, टिफिन काही येता कामा नये. फेकताना आधी त्या माणसाचं नाव घेऊन जोरात ओरडा, त्यानं तुमच्याकडे पाहिलं की मग फेका, त्याच्या डोक्यावरून थोडी पलीकडे, म्हणजे दोर त्याच्या खांद्यावर पडतो. आपल्याकडचं टोक मुठीत धरा, मनगटाला गुंडाळू नका, कमरेला तर मुळीच बांधू नका. पहिली फेक चुकली तर पिशवी परत भरत बसू नका, दोर भराभर ओढून हातात मोठी मोठी वेटोळी घ्या, पिशवीत थोडं पाणी येऊ द्या म्हणजे वजन येतं, आणि तीच पुन्हा फेका. याची प्रॅक्टिस नागपुरात बसून होते, आम्ही सकाळी मैदानावर १२ मीटरवर जुना टायर ठेवतो आणि प्रत्येकानं दहा फेका करायच्या, पाच डाव्या हातानं. पहिल्या दिवशी अर्ध्याही लागत नाहीत.

ट्रिपहून आलं की त्याच आठवड्यात धुवा. खारं पाणी सुकलं की मिठाचे कण धाग्यांत बसतात आणि दोर वाकला की आतून घासत राहतात, वरून कळतही नाही. सगळ्या गाठी सोडा, मोठ्या ड्रममध्ये साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, दोनदा पाणी बदला, फार मळलं असेल तर अंगाचा सौम्य साबण, ब्लीच आणि कपड्यांची पावडर नाही.

वाळवायचं सावलीत, आणि आपल्या नागपूरकरांची चूक नेमकी इथं होते. दोर गच्चीवर टाकायचा आणि विसरायचा. आपल्याकडचं मे महिन्यातलं ४५ डिग्रीचं ऊन, त्यात पॉलिप्रॉपिलीनला ऊन सगळ्यात जास्त खातं, काही आठवडे पडून राहिला की हाताला रंगीत भुसा लागायला लागतो. टिनाच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीतही नको. कूलर लावलेली खोली पण नको, तिथं दमट राहून बुरशी येते. आणि जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ तर ठेवूच नका, बॅटरीचं ॲसिड नायलॉनला आतून पोखरतं. कोरडी, अंधारी खोली, भिंतीला जाड लाकडी खुंटी, जमिनीपासून वर म्हणजे उंदरांपासून लांब, बस.

निघायच्या आधी प्रत्येक दोर टोकापासून टोकापर्यंत बोटांमधून सरकवून पहा, डोळे मिटून पाहिलं तर जास्त कळतं. कुठं कडक लागतो, कुठं चपटा, कुठं घर्षणानं वितळून चमकतोय, कुठं आतली वात फुगलीय, असं काही लागलं की तो दोर माणसासाठी संपला. गाठीजवळ नीट पहा, कारण गाठ मारली की दोराची ताकद एक तृतीयांशाच्या आसपास कमी होते आणि झीजही तिथंच होते. दोराच्या टोकाला पांढरी टेप लावून घेतल्याचा महिना आणि वर्ष लिहा. बाद केलेला दोर हातभर लांबीचे तुकडे करून टाका, पूर्ण ठेवलात तर पुढच्या ट्रिपला कोणीतरी तोच उचलून बॅगेत भरेल.