नागपुरात दुचाकीचं लायसन्स: सोळाव्या वर्षी काय, अठराव्या वर्षी काय

दहावीचा निकाल लागला की घरोघरी तगादा सुरू होतो. क्लास धरमपेठेत, घर मानेवाड्याला, मग गाडी कधी देणार? आईबाबाही म्हणतात, "सोळा पूर्ण झाले ना, लायसन्स काढून टाकू." सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हे खरं आहे. ते कोणत्या गाडीचं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे १६ ते १८ वयाच्या मुलामुलींना फक्त ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवता येते, तीही पालकांची संमती जोडून. लुनाच्या काळात हा नियम उपयोगाचा होता. आज शोरूममध्ये जी पेट्रोल स्कूटर दाखवतात ती ११० सीसीच्या आसपास किंवा त्याहून मोठी असते. म्हणजे खिशात खरंखुरं लायसन्स आणि बुडाखाली अ‍ॅक्टिव्हा असली, तरी कायद्याच्या हिशेबाने ते पोरगं विनालायसन्सच.

आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे प्रकरण पावती फाडून मिटत नाही. नव्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. मुलाकडे लायसन्स असेल तर पालकांना यातून सूट आहे, पण त्या लायसन्सवर जी गाडी चालवता येते तीच तो चालवत असेल तर. अ‍ॅक्टिव्हा त्यात बसत नाही. माझं मत विचाराल तर सोळाव्या वर्षीच्या लायसन्सच्या भानगडीत पडूच नका. दोन वर्षं सायकल, सिटी बस, मेट्रो चालू द्या.

बॅटरीच्या गाडीचं काय? मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर लायसन्स लागत नाही. दुकानदार काहीही सांगो, तुम्ही एकच विचारा: हिला नंबर प्लेट लागते का? लागत असेल तर लायसन्सही लागतं.

आता अठरा पूर्ण झालेल्यांसाठी.

सुरुवात लर्निंगपासून. परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर महाराष्ट्र निवडा आणि लर्नर्स लायसन्सचा अर्ज उघडा. आधारने ओळख पटवली तर घरबसल्या परीक्षा देता येते. राज्यात ही सोय २०२१ पासून आहे. आधार द्यायचं नसेल तर परीक्षेसाठी आरटीओत जावं लागतं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हे आधी बघा, नाहीतर ओटीपीपाशीच गाडी अडते. केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंगची फी १५० रुपये आणि परीक्षेची ५०. प्रश्न वाहतुकीची चिन्हं आणि नियमांवर असतात, पास व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. "परीक्षा पण आम्हीच देऊन टाकतो" म्हणणाऱ्या एजंटला नमस्कार करा. चिन्हं एका संध्याकाळी पाठ होतात.

अर्जात गाडीचा प्रकार नीट निवडा. 'विदाऊट गिअर' घेतलं आणि वर्षभराने मोटरसायकल घेतली की पुन्हा हीच वारी. गिअरची गाडी येत असेल किंवा शिकायची असेल तर 'विथ गिअर'च टाका.

लर्निंग ६ महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतरच देता येते. हा काळ बहुतेक जण नुसता घालवतात. पुढेमागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावा. मागच्या सीटवर मित्रमैत्रिणींना बसवायचं नाही. बसलाच तर लायसन्स असलेला शिकवणारा. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला एखादं रिकामं मैदान गाठा, नंतर ऊन उभं राहू देत नाही. विटा ठेवून इंग्रजी आठचा आकार आखा. गिअरची गाडी असेल तर पहिला गिअर, अर्धा क्लच, मागचा ब्रेक हलकासा दाबलेला. स्कूटरवर अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा आणि वेग मागच्या ब्रेकने सांभाळायचा. नजर पुढच्या चाकावर गेली की पाय टेकलाच म्हणून समजा. मान वळणाच्या दिशेला, जिथे जायचंय तिथे. आठ जमला की टेस्टची भीती निम्मी संपते.

मग सारथीवरच टेस्टची तारीख घ्या. फी टेस्टची ३०० आणि लायसन्सची २००. नागपुरात शहराचं आरटीओ कार्यालय गिरिपेठेत (एमएच-३१), पूर्व नागपूरचं वेगळं (एमएच-४९), आणि कामठी, काटोलकडच्यांचं ग्रामीण (एमएच-४०). गोंदिया, चंद्रपूरहून शिकायला आलेल्यांसाठी एक गोष्ट: २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्यातल्या कोणत्याही परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, त्यासाठी गावी जायची गरज नाही.

टेस्टला ज्या प्रकारचं लायसन्स हवं त्याच प्रकारची गाडी न्या. सोबत लर्निंग, आरसी, चालू विमा, पीयूसी. हेल्मेटचा पट्टा लावलेला, स्टँड वर, वळताना इंडिकेटर आणि आरशात नजर. निरीक्षकाचं लक्ष अशाच बारीकसारीक गोष्टींवर असतं. नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं.

२०२४ च्या जूनमध्ये "आता आरटीओत टेस्टच नाही" असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला होता, अजूनही अधूनमधून उगवतो. नियम बदलले नसल्याचं केंद्रीय मंत्रालयाने तेव्हाच सांगितलं होतं. टेस्टमधून सूट फक्त मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रातून उत्तीर्ण झालेल्यांना आहे. गल्लीतल्या साध्या ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रमाणपत्रावर ती मिळत नाही.

लायसन्स हाती आल्यावर हेल्मेट दोघांनाही, तेही आयएसआय शिक्क्याचं. दुपट्टा उन्हासाठी ठीक, तो हेल्मेटच्या आत बांधा. विनाहेल्मेट किंवा ट्रिपल सीट सापडलात तर कायद्यात दंडाबरोबर ३ महिने लायसन्स जाण्याची तरतूद आहे. तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. डिजिलॉकरमधली प्रतही पोलिसांना दाखवायला ग्राह्य आहे. कार्ड पोस्टाने येतं, तेव्हा होस्टेल किंवा भाड्याच्या खोलीचा पत्ता पिनकोडसकट नीट टाका आणि त्या दिवसांत घरमालकांना सांगून ठेवा. पोस्टमन आला आणि दाराला कुलूप असलं, तर कार्ड परत जातं आणि तुम्हाला ओळखपत्र घेऊन पुन्हा आरटीओच्या खिडकीवर उभं राहावं लागतं.