हाताला पुरळ कशामुळे उठतं, हे कसं शोधावं

हाताला खाज सुटली की आपण तासाभरापूर्वी काय हाताळलं ते आठवतो. शोध चुकतो तो इथेच. स्पर्शाची ॲलर्जी बहुधा एक ते तीन दिवसांनी उठते. सोमवारी द्राक्षबागेत काम केलं, बुधवारी पुरळ दिसलं, आणि दोष जातो बुधवारच्या भांड्याच्या साबणावर.

आधी ही ॲलर्जीच आहे ना, ते बघा. बोटांच्या बेचक्यात खाज, ती रात्री वाढते आणि घरात इतरांनाही आहे, तर खरूज असू शकते. एकच तळहात कोरडा पडून कोंडा निघतोय आणि पायांनाही तसंच आहे, तर बुरशीची शंका घ्या. अशा वेळी मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब आणून लावू नका. खाज दबते, बुरशी आतून पसरत राहते.

मग उजेडात दोन्ही हात नीट पाहा, फोटो काढून ठेवा. उजव्या हाताने चिरणाऱ्यांच्या डाव्या अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांच्या टोकांना भेगा असतील तर लसूण तपासा, कारण तो त्याच बोटांत धरला जातो. हातमोजा संपतो तिथपर्यंतच लाली असेल तर रबर. हाताच्या पाठीबरोबर पापण्या आणि मानही खाजत असेल तर बांधावरचं काँग्रेस गवत. गवंड्यांना बहुतेक वेळा सिमेंटमधलं क्रोमियम बाधतं. सांगलीकडे हळदीत काम करणाऱ्यांच्या पिवळ्या हातांवर लाली चटकन दिसत नाही. तिथे सूज आणि बारीक फोड बघा.

दोन आठवडे वही ठेवा. रोजचं काम, फवारलेलं औषध, साबण, मोजे आणि खाज किती, हे सगळं लिहा. खाज वाढली की तीन दिवस मागे जाऊन वाचा. संशयाची वस्तू बंद करायची तर एका वेळी एकच, दोन-तीन आठवडे. सगळं एकदम बंद केलं तर आराम पडेल, पण कारण कळणार नाही.

क्रीम किंवा तेलाचा संशय असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, आठवडाभर लावा. खाज उठली की लगेच थांबा. लसूण, बिब्बा, सिमेंट, कपड्याची पावडर किंवा फवारणीचं औषध मात्र असं कधीही लावून बघू नका. ॲलर्जी नसलेल्याचीही कातडी त्यांनी भाजते.

खात्रीचं उत्तर देते ती त्वचारोगतज्ज्ञांकडची पॅच टेस्ट. संशयाचे पदार्थ थोडे थोडे लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास पुन्हा. तोवर पाठ भिजता कामा नये, घामही नको, म्हणून ऐन छाटणीत किंवा ऊसतोडीत ती करू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, नाहीतर निकाल फसतो. रक्ताच्या ॲलर्जी तपासणीत हा प्रकार सापडत नाही. त्यावर पैसे घालवू नका. जाताना वही, वापरातले हातमोजे आणि औषधांच्या लेबलांचे फोटो न्या.

निकालात क्रोमियम आलं, पण सिमेंटशी संबंधच नाही? मग चामड्याचे हातमोजे आणि चपला तपासा. चामडं कमावताना बऱ्याचदा तेच वापरतात.