थँक्सगिव्हिंगच्या उरलेल्या टर्कीचं क्रीमी सूप: या चुका टाळा

थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, अमेरिकेत घरोघरी टर्की भाजली जाते आणि लहान कुटुंबात ती एका बैठकीत कधीच संपत नाही. तिथल्या आपल्या अनेक मराठी घरांतही मुलांच्या हट्टापायी ती आता येते. शुक्रवारी उरलेल्या मांसाचं काय करायचं, याला क्रीम घातलेल्या दाट सूपसारखं उत्तर नाही. पण हे सूप बिघडतं बहुधा एकाच कारणानं: सगळं एकदम पातेल्यात पडतं आणि खळाखळा उकळतं. हाडांना तास लागतात, मैद्याला मिनिटं, आणि शिजलेल्या मांसाला व क्रीमला फक्त नीट गरम व्हायचं असतं.

पहिली चूक गुरुवारी रात्रीच होते

गप्पा रंगतात आणि टर्की टेबलावर तशीच राहते. शिजलेलं मांस दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. हाडांवरून सोडवा, उथळ डब्यांत भरा, फ्रीजमध्ये टाका. स्टॉकचं, म्हणजे हाडं उकळून काढलेल्या पाण्याचं, भरलेलं पातेलं रात्रभर ओट्यावर निवत ठेवणं तर त्याहून वाईट. मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूला तेच हवं असतं. त्याचे बीजाणू शिजवल्यानंतरही तग धरतात, म्हणून "उद्या परत उकळू की" यावर विसंबू नका. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा आणि स्टॉक लहान डब्यांत वाटून ठेवा.

सांगाडा फेकणं, किंवा जसाच्या तसा उकळणं

ज्यांच्या घरी मटणाचं आळणी पाणी होतं त्यांना हाडांची किंमत सांगायला नको. सूपची चव हाडांतच आहे, डब्यातल्या तयार स्टॉकला ती येत नाही. पण उकळण्याआधी सांगाड्याच्या पोटात हात घालून बघा. भाजताना तिथे लिंबाच्या किंवा संत्र्याच्या फोडी ठेवल्या असतील तर सालीचा कडवटपणा स्टॉकमध्ये उतरतो, आणि लिंबाचा आंबटपणा पुढे क्रीमवर उठतो. ब्रेडचं स्टफिंग (पोटात भरलेलं सारण) चिकटलेलं असेल तर तेही खरवडून काढा, नाहीतर स्टॉक गढूळ होतो.

हाडं मोडून, बुडतील एवढंच गार पाणी घाला. कांदा, गाजर, सेलरी, मिरे टाका आणि तीन-एक तास मंद आचेवर ठेवा. वर एखाददुसरा बुडबुडा यावा, एवढंच. जोरात उकळलं तर चरबी पाण्यात मिसळून स्टॉक तेलकट आणि धुरकट होतो. आणि मीठ अजिबात नाही! दुकानातल्या बऱ्याच टर्कींना आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं. स्टॉक आटला की ते मीठ जाणवू लागतं.

तमालपत्राबद्दल एक सांगतो. इंडियन स्टोअरमधल्या पानावर तीन लांब शिरा दिसतात आणि त्याला दालचिनीसारखा वास असतो. अमेरिकन पाककृतीतलं बे लीफ म्हणजे मधोमध एकच शीर असलेलं वेगळं पान. या सूपला तेच घ्या. गरम मसालाही नको. थाइम, मिरपूड आणि किसलेलं चिमूटभर जायफळ पुरे.

गुठळ्या

सूप दाट करायला बटर आणि मैदा सारख्या वजनाचे घ्या. मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परता, पण रंग येऊ देऊ नका. मग कोमट स्टॉक आधी पळीभर घाला, घोटून एकजीव करा, मगच पुढची पळी. घाईनं सगळा ओतला की गुठळ्या झाल्याच समजा. त्या झाल्या तर गाळणीतून गाळून घ्या. एकदा उकळी आल्याशिवाय मैदा पूर्ण घट्ट होत नाही, त्यामुळे आधीच "पातळ वाटतंय" म्हणून वरून आणखी मैदा भुरभुरवू नका.

क्रीम फाटणं

सगळ्यात जास्त हळहळ इथेच होते. पाच वाट्या सुंदर स्टॉक आणि वर पांढरे कण. कारणं तीन: कमी फॅटचं दूध, आंबट पदार्थ आणि उकळी. हेवी क्रीममध्ये किमान 36 टक्के फॅट असतं, ते सहजी फाटत नाही. फॅट काढलेलं दूध मात्र लगेच दगा देतं. मैद्यानं दाटपणा आल्यावरच क्रीम घाला, कारण मैद्यातला स्टार्च दुधातल्या प्रथिनांना सांभाळून घेतो. क्रीममध्ये आधी दोन पळ्या गरम सूप मिसळा, मग ते पातेल्यात ओता आणि त्यानंतर उकळी येऊ देऊ नका. लिंबू पिळायचंच असेल तर ताटलीत.

फाटलंच तर ते पूर्ववत होत नाही. मांस घातलं नसेल तर हँड ब्लेंडर फिरवून थोडं ताजं क्रीम घाला, खाण्याजोगं नक्की होतं.

चोथा झालेलं मांस

छातीचं पांढरं मांस एकदा भाजून झालेलं असतं. ते पुन्हा अर्धा तास उकळलं की चोथाच. मांडीचं काळपट मांस जरा सोसतं. दोन्हींचे लहान तुकडे करून शेवटच्या पाच मिनिटांत घाला. उरलेलं मांस 74 अंश सेल्सिअसपर्यंत गरम व्हायला हवं. हे तापमान उकळीच्या बरंच खाली आहे, त्यामुळे क्रीमही टिकतं आणि मांसही सुरक्षित राहतं.

मिनेसोटात या सूपमध्ये वाइल्ड राइस (तांदळासारखं लांब, काळपट धान्य) घालतात. 1977 पासून ते त्या राज्याचं अधिकृत धान्य आहे. चव अप्रतिम, पण ते शिजायला पाऊण ते एक तास लागतो आणि सूपमध्येच शिजवलं तर सगळं पाणी पिऊन टाकतं. वेगळं शिजवा, वाढताना घाला.

सूप खारट झालं तर बटाटा किंवा कणकेची गोळी मीठ शोषून घेत नाही. ती खारट पाणी पिते, उरलेलं तेवढंच खारट राहतं. बिनमिठाचा स्टॉक किंवा क्रीम वाढवणं हाच उपाय.

फ्रीजमधलं मांस सोमवारपर्यंत संपवा. फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर क्रीम आणि मैदा घालण्याआधीचा स्टॉक व मांस ठेवा. क्रीम घातलेलं सूप गोठून वितळलं की पाणी सुटतं आणि ते रवाळ लागतं.