परदेशातल्या भाच्यासोबत माइनक्राफ्टचे सामाईक जग उभारताना

माझा नऊ वर्षांचा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये राहतो आणि मी साताऱ्यात. व्हिडिओ कॉलवर ‘शाळा कशी चालली आहे’ आणि ‘जेवलास का’ या दोन प्रश्नांपलीकडे आमचे बोलणे फारसे जात नसे. आता दर शनिवारी आम्ही दोघे माइनक्राफ्ट या विटा रचून जग उभारण्याच्या व्हिडिओ गेममध्ये एक घर बांधतो आणि विटा रचता रचता तो शाळेतले सगळे आपणहून सांगतो. मात्र ही सोय लावताना माझे पहिले दोन शनिवार वाया गेले, कारण सगळी जुळवाजुळव मी त्याच्यासमोर, त्याच्या खेळण्याच्या वेळेत करत बसले होते. आठवडाभर वाट पाहिलेला तास मावशीच्या सेटिंगमध्ये संपला, की मुलाचा हिरमोड होतो. म्हणून पुढील सर्व कामे मोठ्यांनी आपसांत, पहिल्या खेळाच्या किमान आठवडाभर आधी उरकावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करावी आणि तो मुलाच्या आईवडिलांना विचारावा: मूल हा खेळ नेमका कशावर खेळते? माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्या आहेत. ‘जावा’ आवृत्ती फक्त विंडोज, मॅक आणि लिनक्सच्या संगणकांवर चालते. ‘बेडरॉक’ आवृत्ती विंडोजचा संगणक, मोबाइल, आयपॅड, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन आणि निन्टेंडो स्विच या सर्वांवर चालते. या दोन आवृत्त्यांचे खेळाडू थेट एकमेकांच्या जगात येऊ शकत नाहीत. मूल आयपॅडवर खेळत असेल आणि आपण लॅपटॉपवर जावा आवृत्ती उघडून बसलो, तर कितीही खटपट केली तरी भेट होणार नाही. विंडोजसाठी दोन्ही आवृत्त्या एकत्रच विकल्या जातात, त्यामुळे विंडोजचा संगणक असलेल्या मावशी-मामांना मुलाकडे असेल ती आवृत्ती निवडता येते. बदल आपण करावा, मुलाला करायला लावू नये. त्याचे जुने जग, त्याच्या हाताची सवय, सगळे त्या उपकरणावर असते.

त्यानंतर खात्यांचा प्रश्न येतो. दोन्ही बाजूंना मायक्रोसॉफ्टचे खाते लागते आणि मुलाचे खाते आईवडिलांच्या कुटुंब-गटात जोडलेले असते. अशा खात्याला इतरांसोबत ऑनलाइन खेळण्याची, तसेच नवे मित्र जोडण्याची परवानगी पालकांनी वेगळी द्यावी लागते. ती दिली नसेल, तर खेळ सुरू होतो, मुलाचे एकट्याचे जगही उघडते, पण आपल्या जगात शिरताना अडवले जाते आणि पडद्यावरच्या संदेशावरून कारण चटकन उमगत नाही. माझा पहिला शनिवार यातच गेला. ताईला तिच्या फोनवरून परवानग्या बदलायला पाच मिनिटे पुरली, परंतु दोष तिथे आहे हे कळायला दीड तास लागला. गेमर टॅग, म्हणजे खेळातले नाव, एकमेकांना लिहूनच पाठवावे. फोनवर सांगितलेल्या नावात एखादे अक्षर हमखास चुकते. मुलाच्या टॅगमध्ये खरे नाव किंवा जन्मवर्ष येणार नाही, हेही पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असतो: हे सामाईक जग राहणार कोठे? बेडरॉकमध्ये सर्वांत सोपा मार्ग असा, की एकाने आपल्या उपकरणावर जग तयार करायचे, त्यात इतरांना प्रवेशाची सोय चालू ठेवायची आणि दुसऱ्याने मित्रांच्या यादीतून आत यायचे. यात खेळाच्या किमतीखेरीज संगणकावर वेगळा खर्च नाही, परंतु ज्याच्याकडे जग आहे तो खेळत असेपर्यंतच ते उघडे असते. आमच्यासारख्या दोन टोकांच्या वेळांत हे फार जाचक होते. भाच्याला मंगळवारी संध्याकाळी आपल्या शेताला कुंपण घालावेसे वाटले, तर त्या वेळी साताऱ्यात पहाट असते आणि जग माझ्या बंद लॅपटॉपमध्ये कुलूपबंद असते.

यावर उपाय म्हणजे ‘रिअल्म्स’ ही मासिक वर्गणीची सेवा. जग खेळाच्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू असणाऱ्या संगणकावर राहते, बोलावलेल्यांनाच त्यात शिरता येते आणि वर्गणी फक्त जगाच्या मालकाला भरावी लागते. मूळ खेळ मात्र प्रत्येकाकडे असावा लागतो. मालक झोपलेला असला तरी मूल आत जाऊन काम करू शकते. महाराष्ट्रात वीज जाणे, इन्व्हर्टर दमणे, पावसाळ्यात इंटरनेट बंद पडणे हे नित्याचे असताना जग आपल्या घरातल्या यंत्रावर अवलंबून नसलेले बरे. दूरच्या नातेवाइकासोबत खेळण्यासाठी मी तरी हाच मार्ग सुचवीन आणि वर्गणी मोठ्यांनी भरावी असेही म्हणेन.

जावा आवृत्ती वापरणाऱ्यांना स्वतःचा सर्व्हर चालवण्याचा मोह होतो. सर्व्हरचा प्रोग्राम विनामूल्य मिळतो, म्हणून मीही तो करून पाहिला. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. खेळाच्या मेनूतील ‘ओपन टू लॅन’ हा पर्याय एकाच घरातल्या, एकाच वायफायवरच्या संगणकांसाठी आहे. दुसऱ्या देशातून त्यात येता येत नाही. बाहेरून येण्यासाठी राउटरमध्ये २५५६५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे या खेळाच्या संदेशांचे दार, आपल्या संगणकाकडे वळवावे लागते. पण भारतातील अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर हे करूनही उपयोग होत नाही, कारण सेवा देणारी कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घरक्रमांक, वापरायला देते. आपली जोडणी तशी आहे का, हे ओळखणे सोपे आहे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरचा पत्ता ताडून पाहावा. ते वेगळे असतील, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल, तर पोर्ट वळवण्यात वेळ घालवू नये. अशा वेळी टेलस्केलसारखे खासगी जाळे दोन्ही घरांतल्या संगणकांवर बसवता येते. दोन्ही संगणक जणू एकाच जाळ्यात येतात आणि राउटरला हात लावावा लागत नाही. पोर्ट सरसकट उघडे ठेवण्यापेक्षा ते सुरक्षितही आहे. कोणताही मार्ग घेतला, तरी सर्व्हरची परवानगी-यादी चालू करून तिच्यात फक्त घरच्यांची नावे घालावीत आणि खात्यांची खातरजमा करणारी सेटिंग बंद करू नये. दोन्हीकडची जावा आवृत्ती अगदी क्रमांकासह एकच असावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

खेळताना थोडा विलंब जाणवेल आणि तो सेटिंगने पूर्ण जात नाही. मुंबईपासून न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे १२,५०० किलोमीटर आहे आणि काचतंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे संदेश जाऊन परत यायला निव्वळ अंतरामुळेच १२५ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात समुद्राखालच्या केबल वळसे घेत जातात, त्यामुळे २०० मिलिसेकंदांहून अधिक काळ लागला तरी जोडणी बिघडली असे समजू नये. फोडलेली वीट क्षणभर पुन्हा उमटते, दार थोडे उशिरा उघडते, इतकेच. म्हणूनच परस्परांवर तलवार चालवण्याचे खेळ या अंतरावर जमत नाहीत. बांधकाम, शेती आणि खाणकाम मात्र उत्तम जमते. शक्य असेल तर लॅपटॉप राउटरला तारेने जोडावा आणि त्या तासापुरते घरात दुसरीकडे चित्रपट चालू नसावा.

बोलण्याची सोय या खेळात नाही, म्हणून दुसऱ्या उपकरणावर नेहमीचा व्हॉट्सॲप कॉल लावावा. दोघांनीही इअरफोन वापरावेत, नाहीतर एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याला दोनदा ऐकू येतो.

वेळ ठरवताना अमेरिकेचे घड्याळ वर्षातून दोनदा सरकते, हे विसरू नये. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, एरवी साडेदहा तास. त्यामुळे तिकडच्या शनिवारी सकाळी नऊ वाजता आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. वेळ मुलाच्या घड्याळानुसार पक्की करावी आणि सरकायचे ते आपण सरकावे.

नवे जग तयार करताना सुरुवातीची काठिण्यपातळी ‘पीसफुल’ ठेवावी. त्यात रात्री हल्ला करणारे प्राणी नसतात आणि भूकही लागत नाही, त्यामुळे की-बोर्डची सवय नसलेल्या मोठ्या माणसाला चालायला, वळायला आणि विटा लावायला निवांत शिकता येते. माझ्या भाच्याने तिसऱ्या आठवड्यात स्वतःच पातळी वाढवायची मागणी केली; तोवर मला उडी मारता येऊ लागली होती. मेल्यावर जवळचे सामान हरवू नये, ही सेटिंगही चालू करावी. आपल्या चुकीने मुलाचे हिरे गेले, तर दोघांनाही वाईट वाटते.

हे झाले की रंगीत तालीम मुलाच्या आईवडिलांसोबत करावी, शक्यतो मुलाच्याच उपकरणावर आणि मुलाच्याच खात्यातून. दोघांनी जगात शिरावे, एकमेकांना प्रत्यक्ष दिसावे, एकेक वीट लावावी, बाहेर पडून पुन्हा आत यावे. परत आत येता आले तरच जुळणी पूर्ण झाली असे धरावे.

आत गेल्यावर पहिली अडचण एकमेकांना शोधण्याची येते, कारण हे जग अफाट आहे. बेडरॉकमध्ये ठिकाणाचे आकडे दाखवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, तर जावामध्ये एफ-३ हे बटण दाबल्यावर ते दिसतात. घराचे आकडे कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवावेत. तीन लोकरी आणि तीन फळ्यांची एक, अशा दोन खाटा बनवून त्या एकाच घरात ठेवाव्यात. आपण ज्या खाटेवर शेवटचे झोपलो तेथेच मेल्यावर परत येतो, त्यामुळे दोघेही घरीच उगवतात आणि पुन्हा शोधाशोध होत नाही. रात्र लवकर सरायची असेल, तर मूळ नियमानुसार जगातल्या सर्वांनी झोपावे लागते. ‘मावशी, तू झोप ना!’ असा ओरडा झाला, की माझी खाट गाठायची राहिली आहे हे मला कळते.

खाटांच्या मध्ये एक पेटी ठेवावी आणि तिच्यात खेळातलीच वही. आपल्या वेळेत काम करून जाताना काय बांधले आणि दुसऱ्यासाठी काय उरले, ते वहीत लिहावे. देवनागरी जोडाक्षरे तिथे नीट उमटत नाहीत, म्हणून आम्ही मराठीच, पण रोमन लिपीत लिहितो. महिन्यातून एकदा, तसेच खेळाची नवी आवृत्ती येण्याआधी, जगाची प्रत उतरवून वेगळ्या ठिकाणी ठेवावी. रिअल्म्समध्ये ही सोय मालकाला मिळते, आणि वर्गणी थांबवायची झाल्यास ती प्रत आधी घ्यावी.