दारू सुटली, तरी अमेरिकेत वैमानिकाचे मेडिकल अडले होते : माझा अनुभव

दारू सोडून 14 महिने झाले तरी एफएएचे (अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामक संस्थेचे) मेडिकल, म्हणजे उड्डाणासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र, मिळेना. नेहमीच्या तपासनीस डॉक्टरांमार्फत दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा आणखी कागद मागणारे पत्र आले. अगदी वैतागलो, पण अर्ज आधी आणि कागद मागाहून, ही चूक माझीच होती.

मग क्रम उलटा केला. प्रथम हिम्स-प्रशिक्षित (व्यसनातून बाहेर पडणाऱ्या वैमानिकांसाठीच्या कार्यक्रमाचे प्रशिक्षण घेतलेले) तपासनीस डॉक्टर गाठले. त्यांच्या सांगण्यावरून व्यसनमुक्ती केंद्राचा एकपानी डिस्चार्ज सारांश बाजूला ठेवून संपूर्ण नोंदी मागवल्या. त्या हाती आल्यावरच मानसोपचारतज्ज्ञ व न्यूरोसायकॉलॉजिस्ट (स्मृती, एकाग्रता अशा मेंदूच्या क्षमता तपासणारे मानसशास्त्रज्ञ) यांच्याकडून तपासणी करून घेतली. दरम्यान अचानक बोलावून होणाऱ्या पेथ रक्तचाचण्या (मागच्या काही आठवड्यांत दारू घेतली का, हे दाखवणाऱ्या) चालूच होत्या. सर्वांत शेवटी मेडएक्सप्रेस या एफएएच्या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज भरून मद्यविषयक प्रश्नापुढे ‘होय’ नोंदवले. नियमात 2 वर्षांची मद्यमुक्ती असली, तरी त्याआधी स्पेशल इश्युअन्स, म्हणजे अटींसह विशेष बाब म्हणून दिलेले मेडिकल, मिळू शकते. मला ते सशर्त मिळाले.