मोठा उपचार ठरवताना: किती वर्षं आणि कशी

ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा मोठा उपचार ठरवताना घरचे डॉक्टरांना एकच विचारतात: ‘वाचतील ना?’ त्याआधी रुग्णाला विचारा, तेही मुलं-सुना खोलीबाहेर असताना: काय सुटलं तर जगणं नकोसं वाटेल? कुणी म्हणेल, स्वतःच्या पायांनी संडासला जाणं. कुणी देवळातलं भजन. उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहा.

मग डॉक्टरांना विचारा: उपचार केला तर तीन महिन्यांनी हे बहुधा कसे असतील? नाही केला तर?

डायलिसिसचंच बघा. आठवड्यातून साधारण तीनदा, दर वेळी सुमारे चार तास, ये-जा वेगळी. अनेकांचा उरलेला दिवस थकव्यातच जातो. लघवी कमी झाली की पाणी मोजून, आणि पेज, सोलकढी, चहा सगळं त्याच मापात. पोटॅशियममुळे शहाळं बहुतेकांना बंद. जन्मभर सकाळी पेज घेतलेल्याला हे किती जड जातं, ते रिपोर्टात दिसत नाही. निर्णय होत नसेल तर मुदत घालून करून बघा: सहा आठवडे, कोणत्या दोन गोष्टी सुधारायला हव्यात ते आधीच लिहून. मुदत नसली की सुरू केलेलं थांबवायला कुणी धजत नाही. डायलिसिस नाकारलं तरी धाप, खाज, मळमळ यांवरचे उपचार चालूच राहतात. ते कोण करणार, हे त्याच भेटीत ठरवा.

बोलता येणार नाही त्या दिवसासाठी लिव्हिंग विल करा, म्हणजे कोणते उपचार हवेत, कोणते नकोत ते आधीच लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते मान्य केलं; 24 जानेवारी 2023 पासून न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. गोव्यात पहिलं लिव्हिंग विल न्या. महेश सोनक यांनी 2024 मध्ये नोंदवलं. निर्णय कोण घेणार त्यांची नावं घाला, एकापेक्षा जास्त. एक प्रत पंचायत किंवा पालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे. मालमत्तेच्या मृत्युपत्रात हे घालू नका. ते माणूस गेल्यावरच उघडतं.

घोळ होतो तो बहुधा शेवटी. लंडनहून किंवा आखातातून लेक उतरतो, त्याला यातलं काही ठाऊक नसतं, आणि आयसीयूच्या दारात तो ‘सगळं करा’ म्हणतो. लिव्हिंग विलवर सही होण्याआधीच त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या, आणि वाचून दाखवायचं ते आई-वडिलांनी स्वतः.